मधला मुक्काम

प्रवासात एक वाहन सोडून दुसरे मिळेपर्यंत जो काळ कंठावा लागतो, त्यास मराठीत नेमका शब्द नाही, अशी तक्रार आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. परदेशी जाऊन आलेली मंडळी 'लेओव्हर' हा शब्द अशा काही थाटाने उच्चारतात की, आपल्या पूर्वजांनी कधी कोठे वाट पाहिलीच नसावी असे ऐकणारास वाटावे. आमच्या मते ही तक्रार निराधार आहे. शब्द पुष्कळ आहेत. किंबहुना इतके आहेत की, त्यांतला कोणता योजावा हे प्रवाशाच्या स्वभावावरून ठरते. 'खोळंबा' म्हटले की त्यात कोणाचा तरी अपराध गृहीत धरलेला असतो. 'विसावा' म्हटले की तो आपखुशीचा. 'तिष्ठणे' ह्याचा संस्कृतातला अर्थ नुसता उभे राहणे एवढाच. पण मराठीत येता येता त्याला मानहानीचा वास लागला, आणि जो तिष्ठतो तो नेहमी कोणाच्या तरी दाराशीच तिष्ठतो. राहता राहिला 'मुक्काम'. हा शब्द अरबीतून आला, मराठेशाहीच्या कागदपत्रांत रुळला, आणि आता तो आपल्या घराच्या पत्त्यात जाऊन बसला आहे. पाकिटावर 'मु. पो. आमगाव' असे लिहिताना त्यातला 'मु.' म्हणजे मुक्काम, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. जेथे वाडवडिलांच्या तीन पिढ्या नांदल्या त्या जागेसही ज्या भाषेत मुक्कामच म्हणतात, त्या भाषेला विमानतळावरील अकरा तासांकरिता दुसरीकडे शब्द मागावयास जाण्याचे कारण नाही. आणि ज्या अरबांकडून तो शब्द आपण घेतला त्यांच्याच देशात आज आपणांस मुक्काम करावा लागतो, हाही योग गमतीचाच म्हणावयाचा.

आमचे आमगाव हे गोंदिया जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मुंबईहून हावड्यास जाणारा लोहमार्ग गावावरून जातो. भोवती धानाची बांधी आणि तळी. गावाला एकच मोठा अभिमान आहे, तो भवभूतीचा. विदर्भातील ज्या पद्मपुरास भवभूतीचे घराणे नांदत होते ते आमगावानजीकचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी ह्यांनी प्रतिपादिले, आणि तेव्हापासून आमच्या महाविद्यालयासही त्याच कवीचे नाव आहे. भवभूतीसुद्धा गाव सोडून दूर कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयास गेला. त्याच्या काळी त्याची म्हणावी तशी चहा झाली नसावी. कारण 'मालतीमाधवा'च्या आरंभी तो आपल्या निंदकांना बजावतो की, आपला समानधर्मा कधी ना कधी, कोठे ना कोठे जन्मास येईल. एवढा लांबलचक मुक्काम आजवर कोणत्याही विमान कंपनीने कोणाच्या कपाळी लिहिलेला नाही. असो.

सांगावयाचे हे की, अलीकडे आमच्या ओळखीच्या घरांतूनही मुलेमुली समुद्रापार जाऊन राहिली आहेत, आणि त्यांच्यामागून त्यांचे आईबाप सहा सहा महिन्यांच्या खेपा करू लागले आहेत. कोणी नातवंड सांभाळावयास जातो, कोणी बाळंतपणास. गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी आहे, व तेथून २०२२ पासून अधूनमधून प्रवासी विमानेही सुटली. परंतु समुद्र ओलांडणाऱ्यास नागपूर गाठल्यावाचून गत्यंतर नाही. आगगाडीने दीडशेच्या आसपास किलोमीटर नागपूर. नागपूरहून मध्यरात्र उलटल्यावर आखाताकडे जाणारे विमान. आणि तेथून पुढे युरोपास अथवा अमेरिकेस दुसरे विमान. ह्या दोन विमानांमधली वेळ कधी दोन तासांची असते, कधी चौदा तासांची. तिकीट जितके स्वस्त तितका मुक्काम लांब, असा एक ढोबळ नियम आमच्या गावच्या मंडळींनी अनुभवाने बसविला आहे.

हे नवीन आहे असे मानण्याचे कारण नाही. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलच्या ७ तारखेस कलकत्त्याहून निघाल्या त्या जूनच्या ४ तारखेस न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या जवळजवळ दोन महिन्यांत प्रवास किती आणि वाट पाहणे किती, हा हिशेब मांडण्याचे कोणाच्या मनातही आले नसेल. विमाने आली तेव्हा तीही एका दमात जात नसत. इम्पीरियल एअरवेज ह्या इंग्रज कंपनीने १९३२ साली शारजास उतारूंना रात्र काढण्यासाठी वाळवंटात किल्ल्यासारखे विश्रामगृह बांधविले होते. त्या जागेस 'अल् महत्ता' म्हणजे 'स्टेशन' म्हणत, व आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. १९४८ च्या जून महिन्याच्या ८ तारखेस एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेही वाटेत कैरो व जिनीव्हा येथे विसावले. आणि १९४९ च्या जानेवारीत तर नागपूर हाच साऱ्या देशाचा मधला मुक्काम झाला. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास अशा चार दिशांहून टपालाची विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र होत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळच्या आत माघारी पोहोचत. त्या विमानांतून थैल्यांबरोबर माणसेही जात. मुंबईचा गृहस्थ कलकत्त्यास निघाला म्हणजे मध्यरात्री नागपुरास उतरून, डोळे चोळीत, दुसऱ्या विमानाची वाट पाहत बसे. आज नागपूरकर दुसऱ्यांच्या देशात जे करतात, तेच एके काळी चारी दिशांचे लोक नागपुरात येऊन करीत होते.

तथापि वाट पाहण्याची विद्या आम्हांस शिकविली ती विमानतळाने नव्हे, गोंदियाच्या स्टेशनाने. गोंदिया हे आमच्याकडचे जंक्शन. मुंबई-हावड्याचा रुंद मार्ग आणि बालाघाट-जबलपूरकडे व नागभीड-चांद्याकडे जाणारे अरुंद मार्ग तेथे एकत्र येत. माप बदलले की डबा पुढे जाऊ शकत नाही, माणसालाच सामानासकट उतरावे लागते. म्हणून गोंदियास गाडी बदलणे हा त्या भागातल्या प्रत्येकाच्या नशिबीचा विधी होता. आता ते सारे मार्ग रुंद झाले, आणि छोट्या गाडीबरोबर तो विधीही संपला. आमच्या थोरल्या वहिनींचे माहेर बालाघाटचे. आमची आई लवकर गेली, त्यामुळे वहिनी माहेरी निघाल्या की त्यांच्या दोन मुलांबरोबर आम्हीही त्यांच्या पदराला. मोठी गाडी आम्हांस गोंदियास आणून सोडी, आणि छोटी गाडी निघावयास चार-पाच तास अवकाश असे. क्वचित रात्रही काढावी लागे.

मुसाफिरखान्यात शिरल्याबरोबर वहिनी पहिली गोष्ट करीत ती ही की, भिंतीलगतची जागा हेरून सतरंजी अंथरीत. ट्रंक भिंतीशी, वळकटी तिच्यावर, पाण्याचा तांब्या कोपऱ्यात, आणि चपला ओळीने सतरंजीबाहेर. मग आम्हां मुलांना हातपाय धुऊन यावयास लावीत. ह्यात विशेष ते काय, असे वाचकांस वाटेल. विशेष हे की, आजूबाजूची माणसे दर दहा मिनिटांनी फलाटावर जाऊन गाडी आली का ते बघत आणि परत येऊन तीच चर्चा करीत. वहिनी एकदा बसल्या की उठत नसत. त्यांनी वेळेचे तुकडे पाडलेले असत. अमुक वेळेला दशम्या सोडावयाच्या, मग मुलांनी निजावयाचे, मग त्यांनी शेजारच्या बाईशी बोलावयाचे, मग स्वतः थोडे आडवे व्हावयाचे आणि आम्हांपैकी मोठ्याने जागे राहावयाचे. गाडी आली तर हमाल सांगतीलच, असे त्या म्हणत. गाडीची काळजी गाडीने करावी, आपण आपल्या जेवणाची करावी, हे त्यांचे प्रवासशास्त्र. दुधात भिजविलेल्या कणकेची दशमी प्रवासात सोवळ्याओवळ्याच्या पलीकडची आणि दोन-तीन दिवस न बिघडणारी. तिच्यासोबत कोरडी चटणी. ह्या शिदोरीने आमच्या घरातल्या कित्येक प्रवासांना तारले.

आताचे विमानतळ पाहिले म्हणजे मात्र वाटते की, प्रवाशाने वाट पाहू नये, वाट पाहत आहोत हे त्याला उमजूच नये, अशासाठीच ते बांधले आहेत. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर फुलपाखरांचे उद्यान आहे, आणि २०१९ साली उघडलेल्या 'ज्वेल' नामक काचेच्या घुमटात चाळीस मीटरांवरून धबधबा कोसळतो. मुक्काम साडेपाच तासांहून मोठा असला तर त्या शहरात फुकट फेरफटका करविण्याचीही सोय आहे. ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर रेइक्स म्युझियम ह्या प्रख्यात संग्रहालयाने २००२ साली आपली एक शाखाच थाटली. दोह्याचे हमद विमानतळ २०१४ साली सुरू झाले, त्याच्या मुख्य दालनात उर्स फिशर नावाच्या स्विस कलावंताने घडविलेले सुमारे सात मीटर उंचीचे पिवळे अस्वल डोक्यात दिवा खुपसून बसले आहे. नागझिऱ्याच्या रानात अस्वल दिसले की आमच्याकडचा माणूस झाडाआड होतो; तेथे लोक त्याच्या पायाशी उभे राहून छायाचित्रे काढून घेतात. ही सर्व करमणूक चांगलीच आहे, तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तिचा उपयोग पहिल्या दोन तासांपुरता असतो. तिसऱ्या तासाला सुगंधी द्रव्यांची दुकाने सारखी दिसू लागतात. चौथ्या तासाला पाय भरून येतात. पाचव्या तासाला माणूस आपल्या बोर्डिंग पासवरची अक्षरे ती बदलली असावीत अशा संशयाने पुन्हा वाचतो. येथून पुढे विमानतळ काहीही मदत करू शकत नाही; जे काही करावयाचे ते प्रवाशानेच बरोबर आणलेले असावे लागते.

आमच्यासारख्या साठी उलटलेल्या जोडप्यांसाठी ह्याबाबत चार शब्द लिहिले तर ते वावगे होणार नाही. पहिली गोष्ट घड्याळाची. विमानतळावरची घड्याळे स्थानिक वेळ दाखवितात, खिशातला फोनही आपण होऊन तीच वेळ दाखवू लागतो. विमान त्या वेळेनेच सुटणार, म्हणून ती पाहिलीच पाहिजे. पण मनगटावरचे घड्याळ मात्र आम्ही घरच्याच वेळेवर ठेवतो. दोह्याची वेळ आपल्याहून अडीच तासांनी मागे. तेथे सकाळचे साडेसहा वाजले तेव्हा आमच्या शरीरात नऊ वाजलेले असतात, आणि आमच्या कुटुंबाची साखरेची गोळी शरीरावर चालते, विमानतळावर नव्हे. औषधे, चष्मा, एक साडी, एक धोतर व लोकरीची शाल ही हातातल्या पिशवीतच हवीत. कारण मोठे सामान नागपुरास दिले की ते थेट पलीकडच्या तीरावरच दिसते, आणि ही दालने वाळवंटात असूनही आत थंडी महाबळेश्वरची असते. पाण्याची बाटली नेताना रिकामी न्यावी व तपासणी ओलांडल्यावर नळाखाली भरून घ्यावी. २००६ सालापासून द्रव पदार्थांच्या शंभर मिलिलिटरचा जो दंडक जगभर पसरला, त्याने लोणचे हा पदार्थ द्रव की घन, असा एक न्यायशास्त्रातला प्रश्न उपस्थित केला आहे. फोड घन आणि खार द्रव, हे कोणत्याही तपासनिसाला पटविणे शक्य नाही. तेव्हा चटणी कोरडीच बरी. दर तासाला थोडे चालावे, पण आपल्या गेटच्या दिशेने, म्हणजे चालणेही होते आणि वाटही पाठ होते. गुडघे दुखत असतील तर चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी आणि त्यात कमीपणा मानू नये. झोप पाळीपाळीने घ्यावी. एवढे केले की उरलेला वेळ पुस्तकाचा, जपाचा अथवा माणसे पाहण्याचा.

माणसे पाहण्यासारखी असतात. आखातातल्या कोणत्याही मोठ्या विमानतळावर दोन प्रकारची माणसे वाट पाहताना दिसतात. एक आमच्यासारखी, जी तेथे थांबून पुढे जाणार. दुसरी तेथूनच घरी निघालेली. तेलंगणातल्या करीमनगर-निजामाबादकडची, बिहारची, नेपाळची तरुण पोरे. दोन दोन वर्षे बांधकामावर काढून गावाकडे परतणारी. हातात दोरीने आवळलेले ब्लँकेटचे गठ्ठे. ती खुर्च्यांवर बसत नाहीत. भिंतीलगत जागा पाहून खाली बसतात, पायताणे ओळीने काढून ठेवतात आणि बुटांच्या खोक्यावर डोके ठेवून गाढ झोपतात. वाट पाहावी कशी हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. आमच्या डोळ्यांपुढे गोंदियाचा मुसाफिरखाना उभा राहिला तो त्यांच्यामुळे, अस्वलामुळे नव्हे.

मुक्कामाविषयी बोलताना मेहरान करीमी नासेरी ह्या इराणी गृहस्थाचे स्मरण झाल्याखेरीज राहत नाही. हा मनुष्य १९८८ साली पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर कागदपत्रांच्या अडचणीत सापडला आणि २००६ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, तेथेच एका बाकावर राहिला. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात त्यास मृत्यू आला तोही त्याच विमानतळावर. लोक ही हकीकत गंमत म्हणून सांगतात. अमेरिकेत तिच्यावरून स्फुरलेला चित्रपटही निघाला. आम्हांस मात्र तीत गंमत वाटत नाही. ज्यास पुढे जाता येत नाही आणि मागेही जाता येत नाही, त्याचा मुक्काम म्हणजे बंदिवासच. मधल्या मुक्कामाचे सारे मर्म ह्यात आहे की, तेथून माणसास दोन्हीकडे जाता येते. विमान एकदा उडाले म्हणजे आतल्या माणसाला मत उरत नाही. पण मधे जेव्हा ते टेकते, तेव्हा तेथल्या फलकावर पुढच्या गावाबरोबर मागच्या गावाचेही नाव असते. एरवी हे कोणी लक्षात घेत नाही. आम्हांस ते दोन वर्षांपूर्वी घ्यावे लागले.

मुलीचे दिवस भरत आले होते, म्हणून आम्ही उभयता अमेरिकेस निघालो होतो. दोह्यास सकाळी उतरलो. पुढचे विमान संध्याकाळचे, मधे अकरा तास. वहिनींचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते, पण निघताना दशम्या त्यांनी स्वतः भाजून दिल्या होत्या. सुनांना हात लावू दिला नव्हता. आम्ही ठरल्याप्रमाणे भिंतीलगतच्या खुर्च्या गाठल्या, शाल पांघरून एक झोप काढली. आमच्या मनगटावर बारा वाजत असताना पुतण्याचा फोन आला. तो "काका" म्हणाला आणि पुढे त्यास बोलता येईना. मग दादांनी फोन घेतला. सकाळी देवपूजा आटोपून वहिनी ओसरीवर टेकल्या होत्या, त्या तशाच गेल्या. दहा वाजले होते.

आम्ही परत येतो, असे आम्ही म्हणालो. परतीचे नागपूरचे विमान रात्री होते. त्याने उद्याची पहाट उजाडली असती, आणि तेथून पुढे आमगाव. दादा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आज चार वाजता उचलायचं ठरलं आहे. ती काही तुझ्यासाठी थांबायची नाही. तिकडे पोरीला माणूस लागेल. इथे मुलं आहेत, मी आहे. तू पुढे जा." आमच्या कुटुंबाने फोन मागून घेतला. वहिनींच्या पायांना लुगडे कोणते घातले, असे काहीसे त्यांनी दादांना विचारले आणि फोन ठेवला.

घरात प्रेत असता चूल पेटवीत नाहीत, कोणी अन्न घेत नाही. तो नियम पाळावयास आम्हांस घर नव्हते, चूल नव्हती, रडावयासही नीट जागा नव्हती. समोरून माणसांचा लोंढा चाकांच्या पेट्या ओढीत चालला होता, आणि कोठून तरी दर पाच मिनिटांनी कोणा ना कोणाचे नाव पुकारले जात होते. पण मनगटावर आमगावची वेळ होती. एक वाजता गावातली मंडळी जमू लागली असतील. दोन वाजता बालाघाटची माणसे आली असतील. आम्ही मधूनमधून एकमेकांस हे सांगत होतो. बाकी बोलणे नव्हते. कुटुंबाची गोळी चुकवून चालण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांना आम्ही आग्रहाने दूध घ्यावयास लावले. दूध चालते, असे त्या आपण होऊनच म्हणाल्या. शेजारी निजलेला एक पोरगा उठून बसला होता. त्याने तेलुगूत काही विचारले, आम्ही वर हात केला, आणि त्यास काय समजावयाचे ते समजले. तो आपला गठ्ठा जरा सरकवून आमच्याकडे पाठ करून बसला, जेणेकरून येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आमच्यावर पडू नये. तेवढीच काय ती आम्हांस भिंत मिळाली.

चार वाजले, पाच वाजले. साडेपाचला पुतण्याने कळविले की सर्व झाले, मंडळी घरी परतली. विमानतळावर पैसे भरून स्नान करण्याची सोय असते. आम्ही चौकशी करून तेथे गेलो आणि डोक्यावरून पाणी घेतले. धोतर बदलले. कुटुंबाने साडी बदलली. मागे सुतक आणि पुढे सोयर, अशा अवस्थेत त्या स्नानाने कोणती शुद्धी झाली हे धर्मशास्त्री सांगतील; आम्हांस एवढेच ठाऊक की, बाहेर आल्यावर भूक लागली होती. परत येऊन बसलो तेव्हा तो तेलुगू पोरगा निघून गेला होता, आणि त्याच्या जागी एक युरोपीय जोडपे नकाशा पसरून बसले होते.

मग आम्ही शिदोरी सोडली. दशम्या मऊच होत्या. चटणीत वहिनींनी नेहमीप्रमाणे जिरे अंमळ जास्त घातले होते. दोघांनी दोन दोन खाल्ल्या, उरलेल्या पुन्हा फडक्यात बांधल्या आणि मुलीकरिता ठेवल्या. समोरच्या फलकावर आमच्या विमानापुढे गेटचा आकडा उमटला, आणि चार ओळी खाली नागपूरचेही नाव आले. कुटुंबाने ते पाहिले, आम्हीही पाहिले. पिशवी उचलून आम्ही गेटकडे चालू लागलो.